शेती विभागात टायरची भट्टी: मंजूर विकास योजना राबवून घ्यायची कशी?

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. काटोल रोडकडच्या आमच्या गावाचं प्रकरण मांडतो आहे. पण नागपूरभोवतीच्या कुठल्याही गावात हेच घडू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूर महानगर क्षेत्राची विकास योजना शासनाने जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केली. शहराची हद्द सोडून सुमारे ३,५६७ चौरस किलोमीटर, ७१९ गावं. वस्ती कुठे, उद्योग कुठे, शेती कुठे, रस्ता किती मीटरचा, हे सगळं त्या नकाशावर आहे. आमचं अख्खं शिवार त्यात शेती विभागात येतं. झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्ही काढून ठेवले आहेत.

गावाच्या उत्तरेला संत्र्याच्या बागांना लागून एकाने शेतमालाचं गोदाम म्हणून शेड टाकली. कोणी हरकत घेतली नाही, गोदाम गावाला हवंच होतं. काही महिन्यांतच तिथे जुन्या टायरमधून तेल काढायची भट्टी सुरू झाली. ती रात्री पेटवतात. सकाळी बागेत गेलं की पानांवर काळी पूड बसलेली असते. बोट फिरवलं तर तेलकट डाग पडतो, नुसत्या पाण्याने जात नाही. आंबिया बहाराचा माल बघायला आलेला व्यापारी फळ धोतराला पुसून बघतो आणि तिथेच भाव पाडतो. म्हाताऱ्या माणसांचा खोकला तर आता ऋतू बघत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आधी स्वच्छ सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६. या कायद्यात बांधकामासोबत जागेच्या वापरात मोठा बदल करणं हेही ‘विकास’ या व्याख्येत येतं. म्हणजे गोदामाची भट्टी करायची तर नव्याने परवानगी लागते. परवानगी देताना योजनेकडे लक्ष देणं कलम ४६ नुसार बंधनकारक आहे. विनापरवानगी काम चालू असेल तर कलम ५४ खाली ते थांबवता येतं, झालं असेल तर कलम ५३ खाली नोटीस देऊन काढायला लावता येतं.

आम्ही तक्रार दिली. स्थळपाहणी झाली, नोटीस निघाली. गावाला वाटलं, सुटलो. आणि इथेच पुढची गोष्ट कळली. कलम ५३ च्या पोटकलम ३ प्रमाणे नोटीस मिळालेला माणूस ‘आहे ते कायम ठेवू द्या’ असा अर्ज करू शकतो, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीने काहीच थांबत नाही. त्याने अर्ज केला. भट्टी चालू. शिक्षेचं म्हणाल तर कलम ५२ मध्ये कैद आहे, पण दंडाची कमाल रक्कम ५,००० रुपये. रात्रीच्या एका घाण्यात त्याहून जास्त सुटत असतील.

आता तिसरी पायरी. त्या खसऱ्याचा, म्हणजे त्या सर्व्हे नंबरच्या जमिनीचा, विभाग शेतीतून काढून औद्योगिक करण्याचा प्रस्ताव आला आहे आणि कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवणारी सूचना निघाली आहे. मुदत एक महिना. भट्टीविरुद्धची तक्रार लढत बसलो आणि हा महिना हातचा गेला, तर नकाशाच बदलेल आणि आमची तक्रार आपोआप निकाली निघेल. मंजूर योजना अशीच एकेका खसऱ्याने मोडली जाते, आणि मोडण्याची जाहीर सूचनाही निघते. ती वाचणारं गावात कोणी नसतं, एवढंच.

उद्योगाला आमचा विरोध नाही. बुटीबोरी आहे, हिंगणा आहे, कळमेश्वर आहे, खुद्द योजनेतही औद्योगिक विभाग दाखवलेले आहेत. तिथे जा. आमच्या बागेत का?

ज्यांनी अशा हरकती दिल्या आहेत, सुनावणीला उभे राहिले आहेत, त्यांनी अनुभव लिहावा.

खसरा_क्रमांक

आमच्या गावातबी असंच झालं भाऊ. नोटीस लागली कवा अन् निघाली कवा, कोणालेच माहीत नाई. सरपंचाले विचारलं त म्हणे पेपरात आली होती. कोणत्या पेपरात, कोणत्या दिवशी, कोणी वाचला? तुमाले महिना भेटला हे नशीबच समजा. एक सांगा, ग्रामसभेनं ठराव केला का भट्टी नको म्हणून, तेवढ्यानं होत नाई का?

पांदणवाट

ठराव केला आहे, एकमताने. पण माझ्या माहितीप्रमाणे एकट्या ठरावाने भट्टी थांबत नाही. जाणकारांनी सांगावं.

नियोजनकार

नगर रचना क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून थोडं लांबीने लिहितो.

ग्रामसभेचा ठराव परवानगी अडवत नाही. महानगर क्षेत्रात बांधकाम परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे नसून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएमआरडीएकडे आहे. लोक ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण देतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली, हे खरंच. पण तो निकाल वनहक्क कायदा आणि अनुसूचित क्षेत्राच्या आधारावर उभा होता. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, इथे लागू नाही. ते उदाहरण सुनावणीत दिलंत तर समोरचा एका वाक्यात उडवून लावेल आणि तुमची वेळ जाईल.

तरीही ठराव वाया गेला असं समजू नका. हरकतीला जोडा. गावाची सामूहिक भूमिका तारखेनिशी नोंदली गेली याचं वजन पुढे न्यायालयात पडतं.

आता कलम ३७. या कलमाखाली कुठलाही बदल करता येत नाही. योजनेचं मूळ स्वरूप बदलणार नाही असाच फेरबदल यात बसतो. तुमच्या हरकतीचा कणा हा असला पाहिजे: सलग शेती विभागाच्या मधोमध एकच खसरा औद्योगिक केला तर त्या भागाच्या योजनेचं स्वरूप बदलतं, आणि उद्या शेजारचा खसरा याच आधारावर तेच मागेल. धूर, वास, खोकला हे सगळं लिहा, पण त्याच्यानंतर. सुनावणी घेणारा अधिकारी नियोजनाच्या भाषेत अहवाल लिहितो. त्याला त्याच भाषेतला मुद्दा तुम्ही दिला नाही तर ‘स्थानिकांचा विरोध आहे’ एवढीच ओळ वर जाते.

आणखी एक. प्राधिकरण फक्त प्रस्ताव पाठवतं, मंजुरी शासन देतं. त्यामुळे हरकतीची प्रत नगर विकास विभागाला आणि नगर रचनेच्या सहसंचालकांनाही द्या. कलम ३७ मध्येच १कक असं पोटकलम आहे, त्याखाली शासन स्वतःहूनही फेरबदलाची सूचना काढू शकतं. म्हणून एकदा प्रस्ताव फेटाळला गेला की विषय संपला असं धरून चालू नका.

लालमाती

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. २०१५ मध्ये या योजनेचा मसुदा आला तेव्हा हरकती घेणारे आम्ही शेतकरीच होतो. कोणाच्या शेतातून रस्ता गेला, कोणावर आरक्षण पडलं, कोणाची जमीन कायमची शेती विभागात अडकली. सहा एकर आहे माझं, विहिरीला पाणी नाही, पोरगं शेती करायला तयार नाही. शेजारच्या पट्ट्यात लेआउट पडले, तिथे चौरस फुटाने भाव. माझ्या जमिनीला एकराने भाव, तोही पडका. शहरवाल्यांना स्वच्छ हवा पाहिजे म्हणून मी शेती विभागात बसायचं का? गावात भट्टी आली तर दहा-पंधरा पोरांना काम तरी लागतं.

पांदणवाट

लालमाती भाऊ, राग कसला. तुमचं दुखणं खरं आहे. योजनेने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांना न्याय मिळायला हवा, यावर माझं दुमत नाही. पण या प्रस्तावात तुम्हाला काय मिळतं ते बघा. विभाग बदलतो तो फक्त अर्ज करणाऱ्याच्या खसऱ्याचा. भाव त्याच्याच जमिनीचा वाढतो. तुमचं शेत शेती विभागातच राहतं, वर धूर तुमच्या वाट्याला येतो, आणि भट्टीशेजारची जमीन म्हणून उद्या तिला गिऱ्हाईकही मिळत नाही. तुम्हाला बदल हवा असेल तर पूर्ण पट्ट्याचा, रस्त्यासह, पाण्यासह, सगळ्यांना सारखा फेरविचार मागू. त्या अर्जावर पहिली सही मी करतो.

कामाचं म्हणाल तर आमच्या गावातला एकही मुलगा त्या भट्टीवर नाही. कामगार बाहेरून आणलेले आहेत, शेडमध्येच राहतात, आणि त्यांच्या तोंडाला साधं फडकंही नसतं. त्यांची काळजी कोणी घ्यायची हाही प्रश्नच आहे.

हिंगणा_वर्कशॉप

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, म्हणून कारखानदाराच्या बाजूनेही लिहितो. आम्ही प्लॉटचे पैसे भरतो, सेवाशुल्क भरतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घेतो, त्याचं नूतनीकरण करतो, अग्निशमनाचा दाखला काढतो. हे सगळं करून माल विकायला बसलो की शेतात शेड टाकून तेच काम करणारा माझ्यापेक्षा स्वस्त देतो, कारण यातला एक रुपयाही त्याने खर्च केलेला नसतो. योजना राबवली गेली नाही तर पहिला मार नियम पाळणाऱ्या उद्योजकाला बसतो. तुमच्या हरकतीवर उद्योजक म्हणून सही करायला मी तयार आहे. आमच्यापैकी आणखी काही जण करतील.

एक कामाची गोष्ट: भट्टीकडे संमतीपत्र आहे का ते आधी बघा. दोन टप्पे असतात, उभारणीची संमती आणि चालवण्याची संमती. पाण्याचा १९७४ चा कायदा आणि हवेचा १९८१ चा कायदा, दोन्हींखाली लागतात. सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात मंडळाचं कार्यालय आहे. संमती घेतली असेल तर अर्जात जागेचा वापर काय लिहिला आहे ते वाचा. एकीकडे ‘शेतमालाचं गोदाम’ आणि दुसरीकडे ‘टायर’ असे दोन वेगळे कागद निघाले तर दोन्ही कार्यालयांना एकमेकांचा कागद दाखवा.

निस्तार_हक्क

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. सगळी चर्चा विकास योजनेवर चालली आहे, पण विदर्भातल्या गावांकडे त्याहून जुना एक कागद असतो, त्याकडे कोणाचं लक्ष नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जमीन महसूल संहितेत कलम १६१ पासून पुढे त्यांची तरतूद आहे, आणि ती विदर्भासाठीच आहे. गावाची गुरं कुठे चरणार, माती-मुरूम कुठून घेणार, खळं कुठे, मसणवट कुठे, गुरांची वाट कोणती, तळ्याचं पाणी कोणाला, हे त्यात गावनिहाय लिहिलेलं असतं. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली तरी हे हक्क गेले नाहीत. तहसील कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, मिळते.

धागाकर्त्याला विचारतो, भट्टीचे ट्रक कोणत्या वाटेने जातात? पांदण असेल तर ती निस्तार पत्रकात आणि गावनकाशावर आहे का पाहा. पांदण ही शेतकऱ्यांच्या वहिवाटीची वाट. तिच्यावरून रोज टायरचे ट्रक नेणं आणि तीच वाट औद्योगिक विभागाचा पोचरस्ता म्हणून प्रस्तावात दाखवणं, या दोन्ही गोष्टींवर हरकत घेता येते. वाट अडवली किंवा नांगरली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, त्यालाही मुदत आहे, सहा महिन्यांची.

भट्टीची राख किंवा टायरचा ढीग गायरानावर पडत असेल तर तेही लिहा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना सांगितलं आहे.

पांदणवाट

काका, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रक पांदणीनेच जातात. पावसाळ्यात तिचा पार चिखल करून टाकला, बैलबंडी रुतली की तास-तास अडकते. उद्याच तहसीलला अर्ज टाकतो.

कोराडीकर

आमच्याकडची परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. कोराडी, खापरखेडा दोन्ही वीज केंद्रं, त्यांची राख, आणि मध्ये आमची गावं. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि शेतं राखेने भरली. मे २०२३ मध्ये कोराडीत २×६६० मेगावॉट विस्तारासाठी जनसुनावणी झाली, भर उन्हाळ्यात.

त्या सगळ्यातून शिकलेली गोष्ट सांगतो. मोठ्या प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावीच लागते. किमान तीस दिवस आधी सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, अहवालाचा सारांश मराठीत, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवणं, हे सगळं नियमातच आहे. आपण बोललेलं इतिवृत्तात आलं का, हे तिथेच उभं राहून ऐकून घ्यायचं. बाहेर घोषणा देणाऱ्यांइतकेच आत बसून ऐकणारे लोक लागतात.

पण छोट्या भट्ट्यांना ही सुनावणी लागतच नाही. तुमच्याकडे कलम ३७ ची हरकत हीच तुमची जनसुनावणी. ती सोडू नका.

काळा_कोट

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. धाग्यावर सल्ला देत नाही, पण दोन-तीन गोष्टी सगळ्यांना उपयोगी पडतील.

‘शेजाऱ्याला दाद मागण्याचा अधिकार काय?’ हा पहिला आक्षेप तुमच्यावर येईल. त्याचं उत्तर १९७४ पासून ठरलेलं आहे. के. रामदास शेणॉय विरुद्ध उडुपी नगरपालिका. तिथे मंगल कार्यालय आणि व्याख्यानगृह म्हणून परवानगी घेतली आणि पुढे त्याचं चित्रपटगृह करायला नगरपालिकेने मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नगररचना योजनेविरुद्ध दिलेली परवानगी टिकत नाही, आणि अशा बेकायदा बांधकामाने तिथल्या रहिवाशांच्या हक्कावर आघात होतो, म्हणून रहिवासी न्यायालयात येऊ शकतो. इमारतीवर खर्च झाला आहे, लोक इतके दिवस गप्प होते, या सबबींनी बेकायदा परवानगी कायदेशीर होत नाही, हेही त्यात आहे. गोदामाची भट्टी झाली, तुमचं प्रकरण याच्या किती जवळचं आहे बघा.

दुसरं, मुदती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. आपल्यासाठी पुण्याचं पीठ. लोक कार्यालयांत अर्जांवर अर्ज देत राहतात आणि इकडे हा काळ उलटून जातो. भट्टी पहिल्यांदा कधी पेटली याचा पुरावा आजच बांधून ठेवा: तारखेसह फोटो, ग्रामपंचायतीचा पंचनामा, बागायतदारांचे अर्ज.

तिसरं, कलम ५३(३) चा अर्ज. तो प्रलंबित आहे म्हणून प्राधिकरणाचे हात बांधले आहेत असं सांगितलं जातं. अर्ज निकाली काढण्याचा अधिकार प्राधिकरणाकडेच आहे. माहिती अधिकारात त्या अर्जाची आजची स्थिती विचारा, आणि लवकर निकाली काढा अशी लेखी मागणी करा. त्या मागणीला उत्तर आलं नाही तर रिट याचिकेत ‘हा अर्ज अमुक आठवड्यांत निकाली काढा’ एवढा साधा आदेश मागता येतो.

वेणेकाठी

बुटीबोरीच्या बाजूने एक भीती मांडते. समजा सगळ्यांनी हरकती घेतल्या, प्रस्ताव पडला. उद्या त्याच शिवारात एमआयडीसीने औद्योगिक क्षेत्र अधिसूचित केलं तर? मग १९६१ चा औद्योगिक विकास कायदा लागतो, त्या क्षेत्रापुरती एमआयडीसीच विशेष नियोजन प्राधिकरण होते, आणि आपल्या विकास योजनेतला शेती विभाग तिथे उरत नाही. त्या कायद्याच्या कलम ३२ ची नोटीस जमीनमालकांना आणि हितसंबंधितांना येते. ज्याची जमीन जात नाही पण विहीर शेजारी आहे, त्याला ती येत नाही. आणि मंजूर औद्योगिक क्षेत्रातल्या प्रकल्पांना बहुतेक वेळा जनसुनावणीतूनही सूट मिळते.

म्हणून मला वाटतं, नुसता विरोधाचा ठराव पुरत नाही. गावाने आपल्या जमिनीचा वापर काय आहे हे लिहून ठेवलं पाहिजे. किती एकर ओलिताखाली, किती विहिरी, किती झाडं, नाला कुठून कुठे वाहतो, गुरं किती. आमच्या महिला बचतगटाने घरोघरी फिरून विहिरींची यादी केली, खोलीसकट, उन्हाळ्यातल्या पातळीसकट. ज्या विहिरींचं पाणी पिण्यातून बाद झालं त्यावर वेगळी खूण केली. आमच्या सासूबाईंना प्रत्येक विहिरीचं जुनं नाव आणि ती कोणी खोदली हे ठाऊक होतं, तेही लिहून घेतलं. नंतर एका बैठकीत ‘इथे पडीक जमीन आहे’ असं कोणी म्हणालं, तेव्हा ती यादी टेबलावर ठेवली. पुढे त्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही.

नियोजनकार

वेणेकाठी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. अशी यादी कलम ३७ च्या हरकतीलाही जोडा. नकाशावर हिरवा रंग दिसतो, त्या रंगाखाली काय आहे हे नियोजन कार्यालयात बसून कळत नाही.

खसरा_क्रमांक

एवढं वाचून वाटून रायलं का आमचीबी फाइल पुन्हा काढावी. नोटीस कुठं पाहाची हे तेवढं सांगा. आमच्याकडं उमरेड रोडले गिट्टी खदानी हायेत, रोज नवीन काही ना काही येते.

पांदणवाट

भाऊ, राजपत्र, स्थानिक वर्तमानपत्रं आणि प्राधिकरणाचं संकेतस्थळ, या तीन जागा. आम्ही गावात कॉलेजची चार मुलं नेमली आहेत. एकेकाकडे एक आठवडा, दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘आपल्या मौजाची सूचना आहे / नाही’ असं लिहायचं. ‘नाही’ असलं तरी लिहायचं.

सगळ्यांचे मुद्दे घेऊन हरकतीचा मजकूर तयार केला आहे. ज्यांना लागेल त्यांनी घ्यावा:

“मौजा ____, तालुका ____, खसरा क्र. ____ हा शेती विभागातून औद्योगिक विभागात समाविष्ट करण्याच्या प्रस्तावास माझी हरकत आहे. माझा खसरा क्र. ____ सदर जागेपासून ____ मीटरवर असून त्यात ____ ची लागवड व पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. प्रस्तावित जागेच्या चारही बाजू मंजूर योजनेत शेती विभागात आहेत. मधल्या एका खसऱ्याचा बदल योजनेचे स्वरूप बदलणारा असून तो कलम ३७ च्या कक्षेत येत नाही. जागेला जाणारा रस्ता ही निस्तार पत्रकातील पांदण आहे. जागेवर विनापरवानगी वापर चालू असून त्याबाबत कलम ५३ ची नोटीस बजावलेली आहे. बेकायदा वापर कायम करण्यासाठी योजनेत फेरबदल करू नये. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. सोबत: सातबारा, झोन दाखला, भाग नकाशा, निस्तार पत्रकाची प्रत, विहिरींची यादी, ग्रामसभेचा ठराव, छायाचित्रे.”

एकाच अर्जावर शंभर सह्या घेऊ नका, प्रत्येकाने आपल्या खसऱ्याचा वेगळा अर्ज द्या. पांदणीचं वाक्य निस्तार पत्रकाची प्रत हातात आल्यावरच ठेवा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच परत या. हिंगणा_वर्कशॉप आणि लालमाती भाऊ, तुम्हा दोघांना व्यक्तिगत निरोप केला आहे. सुनावणीची तारीख लागली की इथेच कळवतो.

लालमाती

निरोप पाहिला. पूर्ण पट्ट्याच्या फेरविचाराचा अर्ज आधी लिहून पाठवा, वाचतो. भट्टीच्या हरकतीवर माझ्या खसऱ्याचा अर्ज मी देतो, माझी विहीर तिथून जवळच आहे.